पेलाभर पाण्यासाठी कात्रज

एक्सएमएल फाइलच्या डोक्यावर पुष्कळदा डॉकटाइपची एक ओळ असते. तिच्यात बाहेरच्या एका फाइलचा पत्ता: नियम हवेत? तिथे जाऊन बघा. एक्सएचटीएमएलच्या नियमांची ती फाइल, म्हणजे डीटीडी, डब्ल्यू३सी या संस्थेच्या सर्व्हरवर असते. कित्येक पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचणारे प्रोग्रॅम, इतके आज्ञाधारक की दर वेळी तिथवर जाऊन येतात.

आता आकडे ऐका. फेब्रुवारी २००८ मध्ये डब्ल्यू३सीने सांगितलं, अशा फाइलींसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येताहेत! २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा. गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत, पाळण्यातल्या पोरासकट सगळ्यांनी रोज एकदा दार ठोठावलं, तरी पावणेदोन कोटी कमीच पडतात. सेकंदाला दीड हजार टकटक! मुंबईच्या लोकलने रोज सुमारे ७५ लाख लोक जातात. तशी सतरा दिवसांची गर्दी, एका दिवसात, एका दारावर. वाहतूक कधीकधी सलग ३५० मेगाबिट दर सेकंदाला. दिवसभर तोच वेग धरा, एका बाइटला पाण्याचा एक थेंब धरा, की वीस फूट रुंद नि चाळीस फूट खोल अशा पाचशेहून जास्त विहिरी तुडुंब. आणि हे सगळं कशासाठी? वर्षानुवर्षं काडीचाही बदल न झालेल्या फाइलींसाठी!

सदाशिव पेठेला हे पटायचं नाही. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकातच कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळांतून शहरातल्या हौदांत आणलं. पार्सरला मात्र हौद माहीतच नाही, पेलाभर पाण्याला थेट कात्रज. त्यातही एक्सएचटीएमएल १.० ची डीटीडी आणखी तीन फाइलींकडे बोट दाखवते, म्हणजे एका पानामागे चार खेपा. हजार पानं, चार हजार खेपा. कात्रज आठ किलोमीटर धरलं, तर येऊन-जाऊन ६४,००० किलोमीटर. पृथ्वीला दीड प्रदक्षिणा होऊन वर उरतात! फाइलींची प्रत आपल्याच सर्व्हरवर ठेवून पार्सरच्या कॅटलॉगमध्ये तिचा पत्ता दिला, की खेपा शून्य.

परक्या माणसाकडून फाइल येणार असेल, तर डॉकटाइपच नाकारावा. बहुतेक पार्सरांत तशी सोय असते. कारण त्याच दारातून 'बिलियन लाफ्स' नावाचा हल्ला शिरतो. डीटीडीत टोपणनावं ठरवता येतात. पहिलं नाव म्हणजे 'लोल'. दुसरं म्हणजे पहिलं दहा वेळा. तिसरं म्हणजे दुसरं दहा वेळा. अशा नऊ दसपटी, फाइल जेमतेम एक किलोबाइटची. पार्सरने उलगडली की 'लोल' किती? एक अब्ज! मेमरीत तीन गिगाबाइट. एकेका 'लोल'ला रुपया दिला तर शंभर कोटी रुपये. सेंटिमीटरभर जागेत एक छापला तर पट्टी १०,००० किलोमीटर, म्हणजे रेल्वेच्या १९२ किलोमीटरच्या हिशेबाने मुंबई-पुणे ५२ वेळा! सेकंदाला एक या गतीने, झोप-जेवण सोडून, कुणी हसायला बसलं तर ३१ वर्षं ८ महिने. सर्व्हर बिचारा हे एका दमात हसायला जातो आणि आडवा होतो.