काचेतली परसबाग

फिश टँक म्हटलं की कवठे महांकाळसारख्या गावात पहिला प्रश्न येतो तो पाण्याचा. ‘आधीच पाण्याची बोंब, त्यात माशांना कुठून घालायचं?’ सासूबाईंचा हा सवाल काही चुकीचा नाही. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा आपला भाग अवर्षणप्रवण. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून इकडं आणलं, तेव्हा कुठं द्राक्षबागांना आधार मिळाला. तरी टँकरपुढची घागरींची रांग कुणाच्या मनातून गेलेली नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात तर आपल्या शेजारच्या मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पाण्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको!

दुसरा प्रश्न मुलांचा. ‘आई, मागच्या वेळी आणलेले मासे आठ दिवसांत मेले. पुन्हा आणायचे का?’ हा प्रश्न तर पहिल्यापेक्षा अवघड. हौसेखातर मुके जीव मरणार असतील, तर ती हौस काय कामाची?

मैत्रिणींनो, या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आहे. प्लॅस्टिकच्या शोभेच्या झाडांऐवजी टँकमध्ये खरी, जिवंत पाणवनस्पती लावायची. मासे थोडे ठेवायचे, आणि तेही महिन्या-दीड महिन्यानं आणायचे. असा टँक पाणी कमी खातो, वीज कमी खातो आणि आपला वेळही कमी खातो. कारण सफाईचं बरंचसं काम झाडंच करतात.

मासे मरतात कशानं?

बहुतेक घरांत होतं असं. सकाळी टँक आणला, दुपारी पाणी भरलं, संध्याकाळी डझनभर मासे सोडले. दोन दिवस सगळे खूश. मग पाणी गढूळ होतं, मासे वर येऊन तोंड उघडतात आणि आठवडाभरात एकेक करून जातात. आपण म्हणतो, ‘आपल्याकडं मासे जगतच नाहीत.’

खरं कारण वेगळंच असतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मात्र थोड्या प्रमाणात माशांना चालतं आणि झाडांचं तर ते खतच! हे उपयोगी जिवाणू नव्या टँकमध्ये जवळजवळ नसतातच. वाळूवर, काचेवर, झाडांवर ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे दही लावण्यासारखं आहे. दुधात विरजण न घालता पाच मिनिटांत दही मागितलं, तर मिळेल का? टँकलाही विरजण लागतं. ओळखीत कुणाचा जुना, चांगला चाललेला टँक असेल, तर त्यातला फिल्टरचा स्पंज आपल्या टँकमध्ये पिळून घ्या किंवा मूठभर वाळू आणा. काम लवकर होतं.

आणि दर रविवारी सगळा टँक रिकामा करून साबणानं घासायची आपली सवय? ती तर मोडायलाच हवी. त्यात हे सगळे जिवाणू धुऊन जातात आणि दर सोमवारी टँक पुन्हा नवा, म्हणजेच पुन्हा धोक्याचा होतो. वर पन्नास लिटर पाणी मोरीत जातं ते वेगळंच.

ही तर बायकांचीच विद्या!

टँकच्या इतिहासात बायकांचा वाटा केवढा मोठा आहे, हे वाचून तुम्हाला आनंद होईल. झान विल्प्रे-पॉवर ही फ्रान्समधल्या एका चांभाराची मुलगी. पॅरिसमध्ये ती शिवणकाम आणि भरतकाम करायची. लग्नानंतर इटलीच्या सिसिली बेटावर गेली आणि समुद्री जीवांच्या अभ्यासात रमली. त्यांना जिवंत ठेवून पाहता यावं म्हणून १८३२ मध्ये तिनं काचेच्या टाक्या तयार करून घेतल्या. पुढं लंडनमध्ये ॲना थिन या बाईंनी १८४६ च्या सुमारास घरातच समुद्रातली प्रवाळं जगवली. तेव्हा पंप कुठला? त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसायची. त्या मोलकरणीचे हात किती भरून येत असतील, ते आपल्याला कळतं!

मग १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की पाण्यात वालिस्नेरिया ही वनस्पती लावली, दोन सोनमासे आणि सडकी पानं खाणाऱ्या गोगलगायी ठेवल्या, तर हे सगळं एकमेकांच्या आधारानं टिकतं. अलीकडं डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ मध्ये पाणवनस्पतींच्या टँकवर पुस्तक लिहिलं आणि साध्या मातीवर चालणारी सोपी पद्धत जगभर पोचवली. आज आपण पाहणार आहोत ती साधारण तीच पद्धत.

मांडणी अशी करा

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँक सुरुवातीला उत्तम. माती-वाळू घातल्यावर त्यात साधारण ४५ लिटर पाणी मावतं, म्हणजे तीन-चार घागरी. फार छोटा बाऊल घेऊ नका. थोड्या पाण्यात घाणही पटकन वाढते आणि उन्हाळ्यात पाणीही पटकन तापतं. भरलेल्या टँकचं वजन ६०-७० किलोपर्यंत जातं, म्हणून स्टँड किंवा कट्टा मजबूत आणि सपाट हवा. काचेखाली फोमची शीट घाला. थेट ऊन येईल अशा खिडकीत ठेवू नका, नाहीतर महिन्याभरात सगळं शेवाळ.

तळाला एक इंच माती. ही माती कुठली घ्यायची, ते मात्र नीट ऐका. द्राक्षबागेतली माती नको! बागेवर बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतो. मोरचूद म्हणजे तांबं, आणि ते मातीत साठत जातं. मासे आणि गोगलगायींना ते विषच. शेणखत किंवा रासायनिक खत घातलेली ताजी मातीही नको. परसातली जुनी, बिनफवारणीची साधी माती चाळून घ्या. बागेवर औषध मारून आलेल्या हातांनी टँकला हात लावायचा नाही, हे घरातल्या पुरुषमंडळींनाही सांगून ठेवा.

मातीवर एक-दीड इंच जाड वाळू. ती नितळ पाणी येईपर्यंत धुवा. मग वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओता, म्हणजे माती उसळत नाही.

पाणी नळाचं असेल तर त्यात क्लोरीन असतं. बादलीत उघडं ठेवून दिवसभरानं वापरा. बोअरचं असेल तर ते जड, भांड्यांवर पांढरा थर धरणारं. काळजी नको. त्या पाण्यात आनंदानं राहणारे मासे आहेत, ते पुढं सांगते. घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी मात्र टँकला वापरू नका. त्यात क्षार फार वाढलेले असतात.

कुठली झाडं?

हायड्रिला आठवतेय? शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात नरसाळ्याखाली ठेवलेली, बुडबुडे सोडणारी! तीच. आपल्याकडच्या तळ्यांत ती उगवतेच. लांब पट्ट्यांसारख्या पानांची वालिस्नेरियाही आपल्याकडचीच. बारीक, झुपकेदार सेराटोफायलमला तर मुळंही नसतात, नुसती पाण्यात सोडली तरी वाढते. या तिघी भराभर वाढतात आणि अमोनिया खाऊन टाकतात, म्हणून पहिल्या दिवसापासून भरपूर लावा.

सावकाश वाढणाऱ्यांपैकी जावा फर्न आणि ॲनुबियास घ्या. त्यांचा आडवा, जाडसर कंद वाळूत पुरायचा नाही, सडतो. दोऱ्यानं दगडाला बांधायचा. तळ्यातून झाडं आणलीत तर नीट धुवा, म्हणजे नको ते किडे घरात येणार नाहीत. फवारणीचं पाणी जिथं उतरतं अशा ओढ्यातली झाडं घेऊ नका.

साधा पांढरा एलईडी दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. दहा वॅटचा दिवा सात तास लावला, तर महिन्याला जेमतेम दोन युनिट वीज होते. जोडीला हवेच्या पंपावर चालणारा छोटा स्पंज फिल्टर ठेवा. लाइट चार-पाच तास गेली तरी घाबरायचं कारण नाही. मासे मोजके असले की पाण्यातला प्राणवायू पुरतो.

आता थांबायचं. चार ते सहा आठवडे मासे नाहीत! दर दोन दिवसांनी माशांच्या खाद्याची अगदी चिमूट टाका, म्हणजे जिवाणूंना खायला मिळेल. या काळात टँकवर बारीक जाळी किंवा पातळ कापड घट्ट बांधा. मासे नसलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, आणि डेंगू घरात आणायचा नाहीये आपल्याला. दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट मिळतं. दोन्ही शून्य आले की तयारी झाली. किट नसेल तर पूर्ण सहा आठवडे जाऊ द्या आणि झाडांना नवी पानं फुटलेली दिसली की मगच मासे आणा.

पाहुणे कोण?

गप्पी! डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य केंद्राची माणसं हौदात सोडतात, तेच हे मासे. गप्पी, मॉली आणि प्लॅटी या तिघांना जड पाणी मानवतं, म्हणून आपल्या बोअरच्या पाण्याला हेच योग्य. दोन-तीन आणा, पंधरा दिवसांनी आणखी तीन. बस्स! गप्पीची मादी साधारण महिन्याला पिल्लं देते, म्हणून सुरुवातीला रंगीत शेपटीचे नुसते नर घ्या. मादी एकटी आणली तरी आधीच भरलेली असू शकते, हे लक्षात असू द्या.

सोनमासा नको, तो मोठा होतो आणि घाणही फार करतो. ‘टाकी साफ करतो’ म्हणून दुकानदार सकर मासा देतात, तोही नको. बोटाएवढा आणलेला सकर फूटभराच्या पुढं वाढतो. मग लोक त्याला नदीत, तलावात सोडून येतात. उजनीच्या जलाशयात हा परका मासा मच्छीमारांच्या जाळ्यात येऊन त्यांची डोकेदुखी झाला आहे. म्हणून टँकमधला मासा असो वा झाड, अग्रणी नदीत, विहिरीत, तळ्यात काहीही सोडायचं नाही. नको झालं तर दुसऱ्या हौशी मैत्रिणीला द्या.

रोजचं आणि पंधरवड्याचं काम

दिवसातून एकदाच खाद्य, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आठवड्यातून एक दिवस माशांनाही उपास घडू द्या, काही बिघडत नाही. पोळीचे तुकडे, भात, चुरमुरे टाकायचे नाहीत. घरातल्या लहानग्यांना आणि आजोबांना, दोघांनाही हे सांगावं लागतं!

पंधरा दिवसांतून एकदा नळीनं बादलीभर पाणी काढा आणि तेवढंच मुरवलेलं पाणी घाला. फिल्टरचा स्पंज याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, नळाखाली धुऊ नका. मग ते पाणी तुळशीला, कढीपत्त्याला, गुलाबाला घाला. त्यात नायट्रेट असतं, झाडं कशी तरारतात बघा. म्हणजे पाणी वाया गेलं का? नाही. झाडांना जे पाणी घालणारच होतो, ते आधी माशांच्या घरून फिरून आलं, एवढंच!

उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. म्हणून नुसती भर घालत राहू नका, पंधरवड्याची बदली चालूच ठेवा. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस सोडून उघड्यावर स्वच्छ पिंप ठेवा. ते मऊ पाणी साठवून भर घालायला फार उपयोगी. एप्रिल-मेमध्ये टँक घरातल्या थंड खोलीत असावा आणि खाद्य कमी करावं, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. कडाक्याच्या थंडीत मासे सुस्तावले, तर ५० वॅटचा छोटा हीटर पुरतो.

वाढलेली झाडं कात्रीनं छाटायची, पिकलेली पानं काढायची. काचेवर शेवाळ आलं तर साध्या स्वच्छ कापडानं पुसायचं. साबण कधीच नाही. एवढंच काम. आपल्याला घर, शेत, मुलांची शाळा सांभाळून जमेल असं.

तेव्हा सासूबाईंना पाण्याचा हिशेब सांगा आणि मुलांना सहा आठवड्यांचा वायदा. कॅलेंडरवर मासे आणायची तारीख मुलांकडूनच लिहून घ्या. नव्या पानांवर रोज लक्ष ठेवायचं कामही त्यांच्याकडंच द्या. आणि पहिली दोन गप्पी घरी आली, की पिशवी अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवून मगच त्यांना सोडा. आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं की बिचाऱ्यांना धक्का बसत नाही.