दोन कॅट काढा, लामा खेळा!

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांकडे सरकला की दुपारी कूलरसमोर सतरंजी अंथरली जाते आणि पत्त्यांचा कॅट बाहेर येतो. मेंढीकोट, बदाम सात, झब्बू, गुलामचोर, रमी. एवढ्यावर अख्खी सुट्टी निघते. यंदा त्यात तीन खेळांची भर घालून बघा. तिन्ही २०१९ साली जर्मनीत गाजले, आणि त्यातले दोन घरात आहे त्या सामानावर खेळता येतात.

जर्मनीच का? तिथं १९७९पासून वर्षातला सर्वोत्तम खेळ निवडतात. पुरस्काराचं नाव ‘श्पील देस यारेस’. निवड करतात खेळांवर लिहिणारे समीक्षक. रोख बक्षीस काहीच नाही. खोक्यावर लाल सोंगटीचं चिन्ह छापायचा मान मिळतो, आणि त्यासाठी प्रकाशकालाच पैसे भरावे लागतात! तरीही सगळे त्यासाठी धडपडतात, कारण ते चिन्ह दिसलं की लोक विश्वासानं खोका उचलतात. थोड्या मुरलेल्या खेळाडूंसाठी ‘केनरश्पील’ हा वेगळा पुरस्कार २०११मध्ये सुरू झाला.

२०१९चा निकाल असा: मुख्य पुरस्कार ‘जस्ट वन’ला, केनरश्पील ‘विंगस्पॅन’ला. मुख्य पुरस्काराच्या शेवटच्या तिघांत ‘लामा’ नावाचा छोटा खेळ होता, तो मागे पडला. माझ्या मते मात्र आपल्या सतरंजीवर पहिला मान त्याचाच.

हरलेला लामा, आपला लाडका

‘लामा’चा कर्ता रायनर क्निझिया. गणितात डॉक्टरेट केलेला माणूस, शेकडो खेळ नावावर. त्याच्या या खेळात पानं ५६: एक ते सहा आकडे आणि लामा या प्राण्याचं चित्र, प्रत्येकी आठ. आता घरातले रमीचे दोन कॅट एकत्र करा. एक्का ते छक्की प्रत्येकी आठ पानं, म्हणजे ४८. त्यात आठ गुलाम घाला. झाली ५६! गुलाम म्हणजेच लामा. दुकानात जायची गरजच नाही.

दोन ते सहा जणांनी बसायचं, प्रत्येकाला सहा पानं. मधे एक पान उघडं. त्यावर तोच आकडा किंवा त्याच्या पुढचा टाकायचा. छक्कीवर छक्की किंवा गुलाम, गुलामावर गुलाम किंवा एक्का. असं चक्र फिरत राहतं. पान बसत नसेल तर गड्डीतून एक ओढा. ते लगेच टाकता येत नाही, पाळी पुढे जाते. नाहीतर डावातून उठा. मात्र हातात उरलेल्या पानांचे उणे गुण तुमच्या माथी. गुलामाचे दहा, बाकी पानांचा जो आकडा तोच.

गंमत पुढे आहे. एकसारखी कितीही पानं उरली तरी ती एकदाच मोजायची. समजा मधे तिर्री आहे, तुमच्या हातात तीन पंज्या आणि एक गुलाम. आत्ता उठलात तर पाच अधिक दहा, १५ गुण उणे. तिन्ही पंज्यांचे मिळून पाचच! ओढलंत तर चव्वी येईल आणि पुढच्या पाळीत वाट मोकळी होईल, किंवा दुर्री येऊन आणखी दोनाचा भुर्दंड बसेल. ओढू की उठू? या एका प्रश्नावर आजी आणि नातू सारख्याच हिरिरीनं खेळतात. बदाम सातमध्ये छक्की दाबून धरून दुसऱ्याची कोंडी करता येते. इथं सगळा झगडा स्वतःच्या मोहाशी.

हिशेबाला एकाचा चिंचोका, दहाची कवडी. जो हात रिकामा करेल त्यानं एक नग परत करायचा, चिंचोका किंवा कवडी. साहजिकच सगळे कवडीवर टपलेले असतात. कुणाचे ४० उणे झाले की खेळ संपला. ज्याचे उणे कमी तो जिंकला.

गोरसपाक ओळखा

‘जस्ट वन’ तीन ते सात जणांचा. कुणीच कुणाविरुद्ध नाही, सगळे एका बाजूला. खोक्यात ११० पानं, प्रत्येकावर पाच शब्द. ती इंग्रजी किंवा जर्मन पानं विसरा. वहीचे कागद फाडून चिठ्ठ्या करा, काम भागतं.

एकानं न बघता चिठ्ठी समोर धरायची आणि एक ते पाचपैकी आकडा सांगायचा. त्या आकड्याचा शब्द बाकीच्यांना दिसतो. समजा, ‘गोरसपाक’. प्रत्येकानं लपवून एकेकच शब्द लिहायचा. मग लिहिणारे आपसात ताडून बघतात आणि जे शब्द जुळले ते सगळे खोडतात. दोघांनी ‘वर्धा’ लिहिलं? दोन्ही गेले. उरले ‘गाय’, ‘तूप’ आणि ‘बिस्कीट’. एवढ्यावर ओळखायचं. बाहेरून आलेला पाहुणा अडखळेल, वर्ध्याचा माणूस क्षणात सांगेल.

खरी कसोटी लिहिणाऱ्यांची. पहिला सुचलेला शब्द सगळ्यांनाच सुचणार म्हणून तो टाळावा, तर सगळेच टाळतात आणि सगळ्यात सोपी खूण कुणीच देत नाही! एका खेळात १३ चिठ्ठ्या. चूक उत्तर दिलं तर ती चिठ्ठी जाते आणि वर आणखी एक. ‘पास’ म्हटलं तर फक्त तीच जाते. घर पाहुण्यांनी भरलेलं असेल आणि निम्म्यांना पत्त्यांची आवड नसेल, तर याच्याइतका चांगला खेळ नाही. परीक्षकांचा निर्णय मला इथं पूर्ण पटतो.

१७० पक्षी, ७५ अंडी

तिसरा खेळ घरी बनवता येत नाही, पण त्याची कहाणी वर्धेकरांनी ऐकायलाच हवी. ‘विंगस्पॅन’ची कर्ती एलिझाबेथ हारग्रेव्ह अमेरिकेतल्या मेरिलँडची. आरोग्य धोरणाच्या क्षेत्रात काम करणारी, पक्ष्यांवर जीव असणारी. किल्ले, अंतराळ यांच्या खेळांत तिचं मन रमेना, तेव्हा तिनं पक्ष्यांची माहिती तक्त्यांत मांडून स्वतःच खेळ रचला. मूळ संचात उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांची १७० पानं. प्रत्येक पानावर वेगळा पक्षी, त्याचं हातानं काढलेलं चित्र, अधिवास, खाद्य, घरट्याचा प्रकार, पंखांचा विस्तार आणि तळाशी एखादी खरी माहिती. सोबत पाच रंगांची ७५ छोटी अंडी. खाद्याचे फासे टाकायला पक्ष्यांच्या दाणापेटीसारखा पुठ्ठ्याचा मनोरा.

खेळाडू आपापल्या पटावर जंगल, गवताळ माळ आणि पाणथळ अशा तीन जागी पक्षी वसवतात. चार फेऱ्यांत मिळून फक्त २६ पाळ्या, म्हणून प्रत्येक पाळी मोलाची. पक्ष्याचा स्वभाव हाच त्याच्या पानाचा नियम! काही शिकारी पक्ष्यांचं पान गड्डीतलं वरचं पान उघडतं. सोनेरी गरुडाला त्या पानावरच्या पक्ष्याच्या पंखांचा विस्तार १०० सेंटिमीटरपेक्षा कमी असला की शिकार मिळते. काही छोट्या शिकाऱ्यांची मर्यादा ७५. बघता बघता लहान मुलाला कळतं की कोण कुणाला खातो आणि का.

आता आपल्याकडे या. वर्ध्यात बहार नेचर फाउंडेशनच्या पुढाकारानं शहराचा पक्षी चक्क मतदानानं निवडला गेला आणि नीलपंख जिंकला. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच हा. बसलेला असताना मातकट, उडाला की निळ्या रंगाचा झोत. पंखांचा विस्तार साधारण ६५ ते ७४ सेंटिमीटर, म्हणजे ‘विंगस्पॅन’च्या हिशेबात छोट्या शिकाऱ्याच्याही तावडीत सापडणारा. कीटक टिपायला तारेवर, खुंटावर बसून राहतो, म्हणून शेताच्या बांधावरून जाताना सहज दिसतो. जंगल हवं तर २०१४पासून व्याघ्र प्रकल्प असलेलं बोर आहे, पाणी हवं तर तिथलंच धरण, आणि माळ तर गावोगावी. खेळाच्या तिन्ही जागा याच जिल्ह्यात.

चित्रांची पानंही आपल्याला नवी नाहीत. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा हातानं रंगवलेल्या १२० गोल पानांचा: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. ही कला बुडायला आली होती, ती सावंतवाडीच्या भोसले राजघराण्यानं पुन्हा उभी केली.

जाता जाता मेंढीकोटवाल्यांसाठी

पुढच्याच वर्षी, २०२०मध्ये, केनरश्पील मिळवलं ‘द क्रू’नं. हा थेट हात ओढायचा खेळ, उतारी आणि हुकमासकट. पण सगळे एकाच बाजूचे आणि बोलायला बंदी. दश्शी कुणी ओढायची यावर डोळे मिचकावणाऱ्यांनी आधी हे पथ्य शिकावं. पानं ४०. एका कॅटमधून काढता येतात: चारही रंगांची एक्का ते नव्वी ही ३६, आणि हुकूम म्हणून इस्पिकची दश्शी, गुलाम, राणी, राजा. एक्का इथं सगळ्यात हलका, एवढं लक्षात ठेवा.

आता निवड. घरात लहान-थोर मिळून चौघं-पाच जण असतील तर लामा. माणसं जास्त असतील तर जस्ट वन. आणि ज्या घरात दुर्बीण आहे त्यांनी पैसे साठवून विंगस्पॅन घ्यावा, तो वसूल होतो.

एक विनंती वर्ध्यातल्या पक्षीमित्रांना आणि चित्रकलेच्या शिक्षकांना. जिल्ह्यातल्या ५२ पक्ष्यांचा एक मराठी कॅट शाळेतल्या मुलांकडून काढून घ्या: नाव, खाद्य, घरटं, पंखांचा विस्तार, कुठं दिसतो. इस्पिकचा एक्का नीलपंखाला द्या आणि येत्या उन्हाळ्याआधी तो छापून शाळाशाळांत वाटा.