माहिती चौकट : मूत्रपिंड जपा, मासळीही खा

गिरगावच्या खोताच्या वाडीत पाठारे प्रभू आणि ईस्ट इंडियन घरांची चूल मासळीवाचून पेटत नाही. पण अशा घरात कुणाला मूत्रपिंडाचा विकार जडला म्हणून मासे सोडायलाच हवेत असं नाही. प्रमाण आणि पद्धत मात्र बदलायला हवी.

● प्रथिनं : 100 ग्रॅम माशात साधारण 18 ते 20 ग्रॅम. डायलिसिस नसेल तर दर किलो वजनामागे दिवसाला सहसा 0.6 ते 0.8 ग्रॅम प्रथिनं सुचवतात. डायलिसिसवर 1 ते 1.2 ग्रॅम. म्हणजे एकाला चालणारे दोन तुकडे दुसऱ्याला चालतीलच असं नाही.

● मीठ : दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. सुके बोंबील, सुकट, खारा बांगडा टाळा. ताज्या तुकड्यांना हळद, आलं-लसूण आणि लिंबू चोळून ठेवा. मीठ शेवटी, चिमूटभर.

● फॉस्फरस : काट्यांसकट चावून खायची मांदेली आणि गाबोळी कमी खा.

● पोटॅशियम : रक्तात ते वाढलं असेल तर नारळाच्या रसाचं कालवण, चिंचेचा कोळ, सोलकढी बेतानंच. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

रक्ततपासणीचा ताजा अहवाल घेऊन आहारतज्ज्ञांना भेटा आणि आठवड्यात किती मासे चालतील, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.