विंडोज, मॅक की लिनक्स? लॅपटॉप घेण्याआधी हे वाचा

पीएच.डी.ला प्रवेश झाला की पहिला प्रश्न गाइडला नाही, सिनिअरला विचारला जातो. "ताई, लॅपटॉप कोणता घेऊ? मॅक घेतला तर चालेल का? लिनक्स शिकावंच लागतं का?" मागच्या महिन्यात कळंबच्या एका ज्युनिअरचा असाच फोन आला. फेलोशिपचा पत्ता नाही, वडील सोयाबीनच्या पैशातून लॅपटॉप घेऊन देणार आहेत. म्हणजे चूक परवडणारी नव्हती. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण फोन ठेवल्यावर ते मलाच पटेना. खरं उत्तर थोडं लांब आहे, म्हणून ते इथे लिहितेय.

आधी, ऑपरेटिंग सिस्टिम करते काय?

धाराशिवच्या एसटी स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक डोळ्यांसमोर आणा. गाड्या बऱ्याच, फलाट मोजके. कोणती गाडी कुठे लागेल, किती वेळ थांबेल, आधी कोण सुटेल हे तो ठरवतो. ड्रायव्हरने परस्पर ठरवायचं नाही. कॉम्प्युटरमध्ये गाड्या म्हणजे तुमचे प्रोग्राम, आणि फलाट म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क. मधला नियंत्रक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. तुमचा प्रोग्राम डिस्कवरची फाइल स्वतः उघडत नाही, तो सिस्टिमला विनंती करतो आणि सिस्टिम ती आणून देते. ही "विनंती" लक्षात ठेवा, पुढे तीच मला महागात पडली.

आपल्यापैकी बहुतेकांसाठी कॉम्प्युटर म्हणजे विंडोज. त्याला कारणही आहे. २००१ मध्ये एमकेसीएलने एमएस-सीआयटी सुरू केली, नोकरीसाठी ते सर्टिफिकेट लागायला लागलं आणि गावोगावच्या सेंटरवर आपण विंडोज आणि ऑफिसच शिकलो. ते वाईट झालं असं अजिबात नाही. पण एकच स्टँड पाहिलेल्या माणसाला सगळे स्टँड तसेच असतील असं वाटतं, तसं आपलं होतं.

तीन धंदे, तीन स्वभाव

मायक्रोसॉफ्ट १९७५ ची, ॲपल १९७६ ची. दोघींचा धंदा मात्र वेगळा. मायक्रोसॉफ्टने सिस्टिम विकली आणि मशीन कुणीही बनवावं असं ठेवलं. त्यामुळे विंडोज स्वस्त-महाग सगळ्या लॅपटॉपवर पोचली. ॲपल सिस्टिम सुटी विकत नाही, ती स्वतःच्याच मशीनबरोबर देते. दोन्ही एकाच हातात असल्यामुळे बॅटरी, स्क्रीन, वेग यांचा मेळ छान बसतो, पण किंमत आणि पुढचे निर्णय दोन्ही ॲपलचे. २०२० मध्ये तिने इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःची एम१ चिप आणली, तेव्हा जुने प्रोग्राम चालवायला मध्ये रोझेटा नावाचा दुभाषी बसवावा लागला.

लिनक्सचा जन्मच वेगळा. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. त्याला एक मालक नाही. उबुंटू, डेबियन, फेडोरा ही त्याच गाभ्याभोवती बांधलेली वेगवेगळी घरं. आपल्या सी-डॅकची बॉस ही सिस्टिमही त्यातलीच. "फुकट आहे म्हणजे कंपन्यांना त्यात काय रस?" असं वाटत असेल तर एवढंच सांगते: लिनक्सची सेवा विकणारी रेड हॅट ही कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली.

संशोधकाच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. लॅबमधल्या उपकरणांचे उत्पादक जिथे गिऱ्हाईक जास्त तिथे सॉफ्टवेअर देतात, म्हणून उपकरणाशेजारचा कॉम्प्युटर बहुतेक वेळा विंडोजचा असतो. मोठी गणितं मात्र लिनक्सवर चालतात. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म असो किंवा सी-डॅकचा परम सिद्धी असो, तिथे वेळ मिळाला तर समोर माऊसने क्लिक करायच्या खिडक्या नसतात, काळा पडदा आणि कमांड असते.

आता माझी फजिती

माझं काम आपल्या जिल्ह्यातल्या भूजलावर आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी असे आठ तालुके, प्रत्येकातून सहा बोअर, म्हणजे ४८ नमुने. प्रत्येक नमुन्याच्या दोन फाइली: एक फ्लोराइडच्या मोजणीची, दुसरी जागेवर घेतलेल्या पीएच आणि विद्युतवाहकतेची. दोन फोल्डर, दोन्हीकडे नावांच्या सुरुवातीला वेगळी अक्षरं आणि पुढे बोअरचा नंबर.

मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या फोल्डरची यादी घे, दुसऱ्याची यादी घे, पहिलीला पहिली जोड, दुसरीला दुसरी. माझ्या विंडोज लॅपटॉपवर उत्तम चाललं. मग हाच प्रोग्राम उबुंटू असलेल्या दुसऱ्या मशीनवर टाकला. एरर नाही, इशारा नाही, आलेख तयार. फक्त विंडोजवर स्पष्ट दिसणारा संबंध तिथे गायब.

दोन दिवस मी रसायनांना दोष दिला. तिसऱ्या दिवशी परंड्याच्या एका बोअरच्या ओळीवर नजर अडकली. ते पाणी मी स्वतः उन्हात उभी राहून मोजलं होतं आणि मीटरवरचा आकडा पाहून दोनदा पुन्हा मोजलं होतं, म्हणून तो लक्षात होता. तक्त्यात त्या बोअरपुढे भलताच आकडा. उमरग्याची वाहकता परंड्याच्या फ्लोराइडला जोडली गेली होती.

झालं असं होतं: प्रोग्रामने सिस्टिमला "या फोल्डरमधल्या फाइली दे" अशी विनंती केली, पण कोणत्या क्रमाने ते सांगितलंच नाही. विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था यादी नावाच्या क्रमाने देते. लिनक्सवर सर्रास असणारी ईएक्सटी४ तिच्या अंतर्गत सोयीच्या क्रमाने देते, आपल्याला तो विस्कटलेला वाटतो. दोन्ही फोल्डरमधली नावं वेगळी, म्हणून विस्कटणंही वेगवेगळं, आणि जोड्या चुकल्या. चूक लिनक्सची नव्हती. पायथनच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की हा क्रम कसाही असू शकतो. मी ते वाचलं नव्हतं, आणि विंडोजने माझी चूक झाकून ठेवली होती.

हे फक्त माझ्याच बाबतीत झालं का?

नाही. २०१४ मध्ये 'नेचर प्रोटोकॉल्स'मध्ये विलोबी आणि हॉय यांच्या गटाने एनएमआरची रासायनिक स्थानं काढायची पद्धत आणि तिच्यासोबत पायथनचे प्रोग्राम दिले. रेणूची रचना बरोबर ओळखली का, हे तपासायला ते अनेकांनी वापरले. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या गटाने 'ऑर्गॅनिक लेटर्स'मध्ये दाखवलं की तोच प्रोग्राम, त्याच फाइली, पण उत्तर सिस्टिमप्रमाणे बदलतं. विंडोज १० आणि मॅकच्या मॅव्हरिक्स आवृत्तीवर १७३.२, उबुंटू १६ वर १७२.७, आणि मॅकच्याच मोजावे आवृत्तीवर १७२.४.

एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांत फरक आला, हे नीट पाहा. कारण मधल्या काळात, २०१७ मध्ये, ॲपलने आपली जुनी फाइल-व्यवस्था बदलून एपीएफएस आणली. जुनी नावाच्या क्रमाने यादी द्यायची, नवी तशी हमी देत नाही. त्या प्रोग्राममध्येही दोन प्रकारच्या फाइलींच्या जोड्या लावल्या जात होत्या आणि दोन्हींचा क्रम सारखा असेल असं गृहीत धरलं होतं. दुरुस्ती जवळजवळ एका शब्दाची: यादी आधी नावाप्रमाणे लावून घ्या. पण तोवर त्या पद्धतीचा संदर्भ दीडशेहून जास्त लेखांत आला होता, आणि त्यातलं कोणतं उत्तर तपासून पाहावं हा प्रश्न उभा राहिला.

रेणूच्या रचनेत दशांशभराचा फरक "हा की तो" ठरवू शकतो. आपल्या कामात त्याचा अर्थ अजून सरळ आहे. कुठल्या गावाच्या बोअरपुढे "फ्लोराइड जास्त" लिहायचं आणि कुठल्या गावाला "प्या, काही हरकत नाही" सांगायचं, हे त्या जोडीवर ठरतं.

मराठीत काम करणाऱ्यांनी हेही बघा

सिस्टिम बदलली की मराठीही अडते. जुन्या डीटीपी फॉन्टमधला प्रबंध दुसऱ्या मशीनवर उघडला की ओळीच्या ओळी अगम्य दिसतात, कारण त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. उपाय एकच, युनिकोड. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड विंडोज २००० पासून आहे, मॅक आणि लिनक्सवरही आता अडचण नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्हीकडे मिळतो, म्हणून टायपिंग एकदाच शिका आणि तेच शिका.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. 'वऱ्हाड'मधला 'ऱ्हा' एकापेक्षा जास्त प्रकारे टाइप करता येतो. डोळ्याला एकच दिसतो, मशीनला वेगळा. गावांच्या नावांवरून दोन तक्ते जोडताना अशी गावं गुपचूप गळतात. त्यात आपल्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, म्हणजे २०११ च्या जनगणनेत उस्मानाबाद आणि नव्या तक्त्यात धाराशिव. म्हणून जोडणी नावावरून नको, सांकेतांकावरून करा.

काही साध्या सवयी

- फाइलींच्या जोड्या क्रमाने कधीच लावू नका, नमुन्याच्या नंबरवरून लावा. यादी घेतली की आधी ती क्रमाने लावून घ्या.
- नंबर ०१, ०२ असे द्या. नाहीतर १ नंतर १० येतो आणि २ मागे राहतो.
- फक्त लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक असलेली दोन नावं ठेवू नका. लिनक्स त्यांना दोन फाइली मानतो, विंडोज आणि मॅक सहसा एकच. कॉपी करताना एक फाइल दुसरीवर बसते.
- विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर अडली तर आधी ओळ संपल्याची खूण तपासा. दोघांची खूण वेगळी असते.
- महत्त्वाचं उत्तर दुसऱ्या सिस्टिमवर एकदा काढून बघा, आणि प्रबंधात सिस्टिमचं नाव व आवृत्ती लिहा.

मग घ्यायचा कोणता?

आधी लॅबमध्ये जाऊन विचारा की रोज लागणारं सॉफ्टवेअर कोणतं. ओरिजिन किंवा आर्कजीआयएस प्रो असेल तर विंडोजच घ्या, ती दोन्ही मॅकसाठी येत नाहीत. आर, पायथन, क्यूजीआयएस, लाटेक यांवर काम असेल तर तिन्हींपैकी काहीही चालेल. महासंगणकावर जायचं असेल तर लिनक्सच्या कमांड आजपासून शिका, त्यासाठी वेगळं मशीन लागत नाही. विंडोजच्या आतच उबुंटू चालवायची सोय मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून दिलीय. मॅक उत्तम आहे, पण बिघडल्यावर तो कुठे न्यावा लागेल आणि किती दिवस जातील हे घेण्याआधी विचारून ठेवा. विंडोजचा लॅपटॉप उघडणारा माणूस तालुक्याला भेटतो. आणि घरात जुना लॅपटॉप पडला असेल तर टाकू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बरीच जुनी मशीन विंडोज ११ घेत नाहीत, पण लिनक्सवर ती अजून काही वर्षं काढतील.

कळंबच्या त्या ज्युनिअरला मी पुन्हा फोन केला. तिच्या लॅबमध्ये ओरिजिन आहे, म्हणून मध्यम किमतीचा विंडोज लॅपटॉप घे आणि वाचलेले पैसे मेमरी वाढवायला आणि बॅकअपच्या हार्ड डिस्कला लाव, असं सांगितलं. तिने विचारलं, "मग ताई, सगळ्यात चांगली सिस्टिम कोणती?" मी म्हटलं, जिच्यावर काढलेलं उत्तर दुसरीवरही तेच येतं, ती कोणतीही. माझा ४८ बोअरचा तक्ता आता दोन्ही मशीनवर सारखा येतो. परंड्याचा आकडा परंड्यापुढेच आहे.