पेपरातले रंग का सरकतात?

पावसाळ्यात रत्नागिरीच्या मांडवीवर पेपर उघडला तर तो हातात लुळा पडतो. कागदातले तंतू हवेतली ओल शोषतात; लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत मात्र फुगतात. बहुतेक तंतू रिळाच्या लांबीच्या दिशेने पडलेले असल्याने कागद रुंदीत पसरतो. ऑफसेट छपाईत तर प्लेटला सहसा पाणी लावतात, आणि त्यातली ओल कागदालाही लागते. निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई पाठोपाठ चार प्लेटांवरून उमटते. तेवढ्यात कागद किंचित पसरला की रंग सरकतात आणि पुढाऱ्याला दुहेरी मिशा फुटतात. बारीक मजकूर एकट्या काळ्या शाईत छापतात तो यासाठीच. रंगीत फोटोवर बारीक पांढरी अक्षरं टाकणं मला तरी जुगारच वाटतो.

पेपर फोनवर वाचायचा तर अडचण वेगळी, पडद्याच्या रुंदीची. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ हे वृत्तपत्र काढलं, तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत होता. फोनच्या चिंचोळ्या पडद्यावर ते स्तंभ एकाखाली एक येतील, आणि वर कोणती भाषा ठेवायची हे संपादकाला ठरवावंच लागेल.