नाकापेक्षा मोती जड

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका परिचित कुटुंबात गेलो होतो. घरच्या वडीलधाऱ्या गृहस्थांस जाऊन वर्ष झाले होते. त्यांच्या आवाजातील दहा मिनिटांचे कथन थोरल्या मुलाने जुन्या संगणकावर जतन करून ठेवले होते, आणि वर्षदिनी ते ऐकावे अशी माउलीची इच्छा होती. मुलाने कळ दाबली. परंतु संगणकावरील प्लेअर आधी नवी आवृत्ती मागू लागला, मग खाते उघडा म्हणाला, मग घरातील सारी गाणी मोजीत बसला. पाऊण तास गेला. माउली काही न बोलता चुलीपाशी गेली.

वाचकहो, प्लेअरचे मूळ काम ते किती? ध्वनी संगणकात आवळून साठविलेला असतो. कोडेक नावाच्या नियमानुसार तो उलगडावयाचा आणि कर्ण्याकडे धाडावयाचा, इतकेच. हे काम १९९७ साली जस्टिन फ्रँकेल या अमेरिकन तरुणाच्या चिमुकल्या विनॅम्पने त्या काळच्या दुबळ्या संगणकांवरही चोख बजाविले. पुढे २००२ साली त्याची तिसरी आवृत्ती निघाली. ती इतकी जड व मंद होती की पुष्कळांनी दुसरीच वापरीत राहणे पसंत केले. अखेर २००३ साली कर्त्यांनी दुसरीच्या पायावर तिसरीतील काही गुण घेऊन पुढील आवृत्ती काढली आणि तिला क्रमांक दिला पाच; दोन आणि तीन मिळून पाच!

आयट्यून्सची कथाही अशीच. २००१ साली तो गाण्यांसाठी जन्मला. मग त्यात दुकान आले, चित्रपट आले, फोनची व्यवस्था आली. शेवटी २०१९ साली ॲपलनेच आपल्या मॅक संगणकांवर त्याची वाटणी करून संगीत, पॉडकास्ट आणि चित्रपट यांसाठी वेगवेगळी साधने केली.

मोठे साधन सर्वस्वी वाईट, असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्यापाशी हजारो गाणी आहेत, त्याला यादी व वर्गवारी हवीच. परंतु ज्याला एकच आवाज ऐकावयाचा, त्याच्या माथी सारा बाजार का मारावा?

पॅरिसच्या एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेल्या कार्यातून व्हीएलसी हा प्लेअर निघाला, आणि २००१ पासून तो सर्वांस मुक्त झाला. बहुतेक कोडेक तो सोबतच बाळगतो. खाते मागत नाही, जाहिरात दाखवीत नाही आणि मोलही घेत नाही.

आमची सूचना एवढीच. कोणतेही साधन त्याच्या कर्त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावे. बसविताना प्रत्येक पाटी वाचावी आणि नको त्या खुणा काढाव्यात. संगणक सुरू होताच आपोआप जागे होणारे मदतनीस बंद करावेत. आणि मोलाच्या ध्वनीची प्रत एमपी३ सारख्या सर्वमान्य रूपात दोन ठिकाणी ठेवावी.

त्या घरी चार दिवसांनी मुलाने साधा प्लेअर बसविला. माउलीला हाक मारली. ती ओले हात पदराला पुशीत आली आणि उंबऱ्यापाशीच थबकली, कारण तोवर आवाज सुरूही झाला होता.