शरणपूरचे पाळक आणि प्राइससाहेबांच्या तीन फेऱ्या

नाशिकचा शरणपूर रोड आज दुकाने, दवाखाने आणि शिकवणीवर्ग यांनी गजबजलेला आहे. या रस्त्याने रोज कचेरीला किंवा महाविद्यालयाला जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, ज्या वस्तीवरून त्याला हे नाव पडले, त्या वस्तीत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले एकेकाळी अक्षरे गिरवीत होती, सुतारकाम आणि लोहारकाम शिकत होती. त्यांतली काही पुढे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती मंडळ्यांचे उपदेशक आणि पाळक झाली. त्यांना घडविणारा इंग्रज मिशनरी साठी उलटल्यावर पुन्हा समुद्र ओलांडून त्यांच्या मदतीला गेला.

विल्यम सॉल्टर प्राइस हे त्या मिशनऱ्याचे नाव. चर्च मिशनरी सोसायटीचे प्राइस १८४९ मध्ये हिंदुस्थानात आले. शरणपूरची ख्रिस्ती वस्ती त्यांनी १८५० च्या दशकात वसविली. त्या काळी अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडीत असे. त्यांवरील मुले मुंबईस उतरविली जात आणि त्यांतली बरीचशी शरणपूरला धाडली जात. यांतल्या काहींचे नाव इतिहासात आले ते लिव्हिंग्स्टनमुळे. १८७३ मध्ये त्या प्रवाशाचा आफ्रिकेच्या अंतर्भागात मृत्यू झाला, तेव्हा अंत्यविधीचा पाठ वाचला तो नाशिकच्या शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइट याने. पुढे १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटिकेबरोबर चालण्याचा मानही त्याला मिळाला. ही कथा पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे. तिच्यामागची दुसरी, कमी दिमाखाची कथा मात्र अधिक विचार करण्याजोगी आहे.

मोंबासाजवळ राबाई येथे १८४६ पासून योहान रेबमान नावाचे जर्मन मिशनरी ठाण मांडून होते. भाषांचा व्यासंग मोठा, पण अनुयायी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या मदतीस १८६४ मध्ये जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे नाशिकचे विद्यार्थी पाठविण्यात आले. त्याच वर्षी सॅम्युअल क्राउदर या आफ्रिकी धर्मगुरूला नायजर प्रदेशाचा बिशप म्हणून अभिषेक झाला होता. सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन यांचा सिद्धांत होता की, स्थानिक मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, कारभार स्वतः चालवावा, प्रसार स्वतः करावा. आणि हे साधले की मिशनने त्या ठिकाणाहून काढता पाय घ्यावा. कागदावर हे धोरण उदार होते. प्रत्यक्षात रेबमान दृष्टी गेल्यानंतरच, १८७५ मध्ये राबाई सोडून मायदेशी परतले.

प्राइस पहिल्यांदा आफ्रिकेस गेले ते १८७४ मध्ये. झांजिबारचा गुलामांचा बाजार आदल्याच वर्षी बार्टल फ्रियर यांच्या खटपटीमुळे बंद झाला होता. हेच फ्रियर पूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते. मोंबासा बेटासमोरील किनाऱ्यावर प्राइस यांनी जमीन घेतली आणि मुक्त गुलामांची जी वसाहत उभारली तिला फ्रियरटाउन हे नाव मिळाले. शरणपूरचाच नकाशा समुद्रापलीकडे मांडला गेला म्हणा ना! त्याच काळात शरणपूरचे अनेक आफ्रिकी विद्यार्थी तिकडे गेले. ‘बॉम्बे आफ्रिकन’ या नावाने ते तेथे ओळखले जाऊ लागले. हल्लेखोर आले की वस्तीला सावध करणारी तेथील घंटा आजही उभी आहे आणि तो चौक तिच्यावरूनच केंगेलेनी म्हणून ओळखला जातो.

दुसरी फेरी १८८१ ची. वसाहतीच्या गोऱ्या अधीक्षकाने रहिवाशांना फटके मारल्याचा बभ्रा इंग्लंडपर्यंत पोहोचला होता आणि घडी नीट बसवायला पुन्हा प्राइस यांनाच पाठविण्यात आले. गुलामीतून सोडविलेल्या माणसांवर सोडविणाऱ्यांनीच चाबूक उगारावा, यातील विसंगती त्या काळच्या लोकांनाही टोचलीच.

मधल्या वर्षांत राबाई चालवीत होते ते नाशिकचे विद्यार्थी. रेबमान गेल्यावर जॉर्ज डेव्हिड यांच्या हाताखाली ते ठाणे वाढले. आपल्या तावडीतून सुटू पाहणारे गुलाम आसपासच्या मुलखातून तेथे येऊ लागले. डेव्हिड १८८४ मध्ये वारले. पाळकपदाची दीक्षा त्यांना मिळाली नाही. जोन्स आणि सेमलर यांना बिशप हॅनिंग्टन यांनी १८८५ मध्ये डीकनपदाची दीक्षा दिली. १८६४ पासून मोजले तर मध्ये २१ वर्षे गेली होती! त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर असलेल्या हॅनिंग्टन यांचा राजा म्वांगा याच्या आज्ञेवरून वध झाला. मागे राहिलेला काफिला शेकडो मैलांवरून सुखरूप परत आणला तो जोन्स यांनीच. १८८६ च्या फेब्रुवारीत तो राबाईस पोहोचला तेव्हा पुढच्या निळ्या निशाणावर ‘इखाबोद’, म्हणजे वैभव गेले, अशी अक्षरे होती.

तिसरी फेरी १८८८ ची. ती समजून घेण्याजोगी आहे. पळून आलेल्या गुलामांना मिशनने आश्रय देऊ नये, असा ब्रिटिश वकिलातीचा आग्रह होता आणि मिशनच्या वरिष्ठांनी तसा शब्दही दिला होता. पण दारी आलेल्या माणसाला परत साखळदंडात कसे पाठवायचे, हा प्रश्न लंडनच्या समितीपुढे नव्हे, राबाईच्या पाळकापुढे उभा राहत असे. आणि हा पाळक स्वतः बालपणी विकला गेलेला होता. जोन्स यांच्या वस्तीत शेकडो पळपुटे राहू लागले. अरब आणि स्वाहिली मालक खवळले, हल्ल्याची भाषा होऊ लागली. अशा वेळी साठी उलटलेले प्राइस तेथे येऊन पोहोचले. नोंदी तपासल्या, तेव्हा आकडा वरिष्ठ सांगत होते त्याहून कितीतरी मोठा निघाला. नियमभंगाबद्दल जोन्स यांना बाजूला सारून हात झटकणे त्यांना सोपे होते. तसे न करता, नव्याने सनद मिळालेल्या ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झी यांच्याबरोबर त्यांनी तडजोड घडवून आणली. माणशी २५ डॉलर मोबदला मालकांना द्यावयाचे ठरले आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे चौदाशे जणांना मुक्ततेचे दाखले मिळाले. या साऱ्याची हकीकत प्राइस यांनी पुढे ‘माय थर्ड कॅम्पेन इन ईस्ट आफ्रिका’ या पुस्तकात लिहिली.

कंपनीचा हेतू धर्माचा नव्हता, किनाऱ्यावर शांतता राखून व्यापार वाढविण्याचा होता, हे उघड आहे. मालकांना पैसे देऊन माणसे सोडविणे म्हणजे मालकीहक्क मान्य करणे, हा आक्षेपही खोटा नाही. तरीही त्या म्हाताऱ्या माणसाचे काम नेमके कोणते होते, हे पाहिले पाहिजे. प्रवचने देणे, शाळा चालविणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे हे सारे जोन्स आणि त्यांचे सहकारी करीतच होते. त्यांच्याजवळ नव्हती ती कॉन्सलच्या आणि कंपनीच्या दारात शिरकाव करून देणारी गोरी कातडी व चाळीस वर्षांची ओळख. प्राइस यांनी ती त्यांच्या कामी लावली. मात्र वस्तीच्या किल्ल्या त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती सोपविल्या नाहीत, हेही तितकेच खरे. पितृवत् माया होती. तिच्यात पुत्राने प्रौढ व्हावे याची घाई नव्हती.

ही माया नसली की काय होते, याचा दाखला लगेच पुढच्या वर्षी मिळाला. १८९० मध्ये नायजर प्रदेशात गेलेल्या तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी वृद्ध बिशप क्राउदर यांच्या आफ्रिकी सहकाऱ्यांना शुद्धीकरणाच्या आवेशात पदांवरून दूर केले. खचलेले क्राउदर ३१ डिसेंबर १८९१ रोजी निवर्तले. तेथे व्हेन यांचा सिद्धांत त्यांच्याच सोसायटीच्या तरुणांनी पुरला.

मराठी ख्रिस्ती समाजाला हा पेच परका नाही. नाशिकशी तारुण्यापासून नाते असलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचा प्रयोग आरंभिला. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेल्या, संसारी माणसाने मासिक वेतनावर पाणी सोडण्यात केवळ भावनेचा भर नव्हता. पगार देणाऱ्याच्या हाती शब्दही जातो, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

आज पाश्चात्त्य देशांतील निवृत्त शिक्षक, डॉक्टर, पाळक आयुष्याचा उत्तरार्ध परदेशी मंडळ्यांच्या सेवेत घालविण्याची इच्छा धरतात. हेतू बहुधा निर्मळ असतो. परंतु भारतात परदेशी निधीचे नियम २०२० च्या दुरुस्तीने कडक झाले आहेत. एका संस्थेने घेतलेला असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास आता मनाई आहे. त्यामुळे साहेब आला, पैसा आला, ही जुनी वाट पूर्वीसारखी मोकळी उरली नाही, आणि हे सर्वस्वी वाईटच झाले असे म्हणवत नाही. खेड्यातल्या पाळकाला प्रवचनासाठी पाहुणा क्वचितच लागतो. लागते ते दोन महिने त्याच्या रजेच्या काळात मंडळी सांभाळणारे, त्याच्या मुलीच्या प्रवेशाचा अर्ज नीट भरून देणारे, कोर्टकचेरीत अडकलेल्या जमिनीच्या कागदांवर त्याच्याबरोबर बसणारे माणूस. येणाऱ्या पाहुण्यामागे बहुधा निवृत्तिवेतन उभे असते. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळीच्या पाळकाला साठीनंतर काय मिळणार, हे मंडळीच्या वहीत कोठे लिहिलेले आहे का, हा प्रश्न पाहुण्याने पहिल्याच दिवशी विचारावा.